एका अक्षराचा पाय

तिनं आधी स्क्रू काढले,
मग जुन्या लॅपटॉपच्या पोटातून
वायफायचं कार्ड, नखाएवढं,
उपटलेल्या दातासारखं
माझ्या तळहातावर ठेवलं.
"आता हा कुणाचं ऐकणार नाही," फ्लोरिंदा म्हणाली,
"आणि कुणाला सांगणारही नाही."

बँकेनं दारं लावली तो डिसेंबर होता.
बाईया ब्लांकात ऊन रणरणत होतं,
आणि आम्ही रस्त्यावर पातेली बडवत होतो.
आमच्या पातेल्याला अजून पोचा आहे.
भात त्यातच शिजतो.

आता आमची पुंजी म्हणजे चोवीस शब्द,
एकामागून एक, ठरल्या क्रमानं.
कागद जळतो, शाई ओल धरते,
म्हणून मी काढले रेल्वे कारखान्यातले
माझे अक्षरांचे पोलादी ठसे, आणि हातोडी.
शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात,
तेवढ्यात ओळख पटते.
दोन पत्रे ठोकले.
एक कुठे आहे ते सांगणार नाही.
दुसरा तिच्या भावाकडे, त्रेलेउला,
मधमाश्यांच्या पेटीखाली.

मी म्हटलं, झालं.
ती म्हणाली, खुंटी हलवून बघू.
आणि तिनं लॅपटॉप पुसला.
सगळा.

मग पत्रा वाचत एकेक शब्द.
सोळापर्यंत ठीक.
सतराव्याला यंत्र म्हणालं,
असा शब्द माझ्याकडे नाही.

चाळीस मिनिटं आम्ही कफल्लक होतो.
माते थंड झाला. शेजारी कुणीतरी
गाडी धूत होतं, शीळ घालत.
ती पत्रा दिव्याखाली तिरका धरून बसली,
मग काही न बोलता तिनं
माझी ठशांची पेटी ओढली.

आर. त्याचा तिरका पाय तुटलेला.
सतराव्या शब्दाच्या ठोक्याला तुटला असणार,
आणि आर नव्हे, पी उमटला.
पुढे त्या पत्र्यावर आर आलाच नाही,
मला कळणार कसं?
(तीस वर्षं डब्यांवर नंबर ठोकले मी.
एकदाही चुकलो नाही, असं म्हणायचो.)

पण दुसरा पत्रा मी त्यानंतर ठोकला होता.
त्यात सगळेच आर लंगडे.

फोनवर हे बोलता येत नाही.
रात्रीच्या बसनं निघालो,
सातशे किलोमीटर,
खिशात रुमालात गुंडाळलेली छिन्नी,
खिडकीबाहेर झाड नाही, दिवा नाही,
नुसता वारा, आणि ती झोपलेली,
तोंड उघडं, माझ्या खांद्यावर.

एलादिओनं पेटीला धूर दिला.
पत्रा निघाला, मेणानं चिकट.
मी उकिडवा बसून एकेका पीला पाय दिला.
दोन डंख मनगटावर.
"किती झाले?"
"पाच."
"पुन्हा मोज."

एलादिओ वाकून बघू लागला,
कसले गं हे शब्द, ताई?
तिनं पत्रा पालथा केला.
"वाचू नकोस," म्हणाली. "मध दे थोडा."