अठरा मिनिटं

उद्यमबागेतल्या आमच्या शेडच्या शटरवर
आतल्या बाजूनं, ऑइलपेंटनं लिहिलंय:
जांबोटी – कणकुंबी, १८.
पुढं मिनिटं लिहिलेलं नाही. लागत नाही.

बाबांचं नाव मारुती, आणि जन्मभर फियाट.
यावर बेळगावात जेवढे विनोद होऊ शकतात
तेवढे होऊन संपले.
सोळाशे सीसीची पालिओ, पिवळी,
क्लच असा की डावी मांडी उजवीपेक्षा जाड झाली,
आणि पेट्रोल असं प्यायची
की हिंडलग्याच्या पंपावरचा पोरगा
लांबूनच हात जोडायचा.

मी घेतली ती नवी. टर्बो. हजार सीसी, तीन सिलिंडर.
"तीनच?" बाबांनी बोटं मोजून दाखवली.
"आणि हे स्टेअरिंग? लोण्यात चमचा फिरवूलीस काय?"
सीटला लाल शिलाई, दाराखाली लाल रेघ,
पुढं बिल्ला, मागं बिल्ला.
"बिल्ल्यानं पळता आलं असतं
तर कॅम्पातले सगळे सुभेदार ऑलिंपिकला गेले असते."

खोटं कशाला सांगू, पालिओत काहीतरी होतं.
वळणात शिरताना पुढचं चाक
तळहाताला खडीची जात सांगायचं:
ही काकतीची, ही जुनी, हा नुसताच मुरूम.
नवी काही सांगत नाही. ती विचारते,
नॉर्मल की स्पोर्ट?
आणि पांढरा पट्टा ओलांडला
की स्वतःच स्टेअरिंग ओढते हळूच,
शाळेतल्या बाई कान ओढायच्या तसं.

फेब्रुवारीतला रविवार. उजाडायचं होतं.
जांबोटीच्या फाट्यावर मी फोनमधलं घड्याळ सुरू केलं.
बाबा शेजारी, मांडीवर थर्मास.
गाडी काय पळाली!
तिसऱ्यात, चौथ्यात, परत तिसऱ्यात,
थर्मासमधला चहासुद्धा हलला नाही.
"इंजिन बंद करून चालवूलीस काय?"
मधे गवे आडवे आले, सात की आठ,
त्यांना कुठलीच घाई नव्हती.
कणकुंबीत माउलीच्या कमानीशी
बावीस मिनिटं, चाळीस सेकंद.

म्हटलं, गव्यांचं एक मिनिट वजा करा.
तरी एकवीस. तुमचीच भारी, बाबा.

ते बराच वेळ काच वरखाली करत राहिले.
पालिओत सतरा वर्षं
आम्ही एक वाक्य पुरं केलं नव्हतं.
सायलेन्सरच्या वर आवाज चढवून
"ट्रक!" "चहा?" "हां." एवढंच.
इथं इतकं शांत होतं
की त्यांना वाटलं असावं, मला आधीच ऐकू येतंय.

"घड्याळ अडिवेप्पाकडं होतं," म्हणाले.
"जांबोटीत बटण दाबायचंच विसरला.
आमटं गेल्यावर आठवलं त्याला, की कालमणी गेल्यावर.
तो म्हणाला हदिनेंटु. मी मराठीत लिहिलं.
भाषांतर कोण तपासतंय?"

"मग खरी किती?"

"मोजलंय कुणी?"

बारा वर्षं मी त्या आकड्याशी भांडत आले.
दोन गाड्या विकल्या त्याच्यापायी.
शोरूममधल्या पोराला विचारलं होतं,
ही अठरा मिनिटांत जाईल का?
तो म्हणाला, कुठं, मॅडम?
आणि मी त्याची कीव केली होती.

अडिवेप्पाकाकाला जाऊन तीन वर्षं झाली.

परतताना बाबा म्हणाले, सर तिकडं, मी घेतो.
सीट पुढं ओढली, आरसा वाकडा केला, बरोबर म्हणाले.
दुसऱ्याच वळणाला स्टेअरिंगनं कान धरला.
बाबांनी तिला कन्नडमध्ये एक शिवी दिली,
पालिओला द्यायचे तीच,
आणि वेग जरा वाढवला.

शेडवर पोचून मी शटर वर ढकललं.
अठरा गुंडाळून आत गेलं, रोज जातं तसं.
मी रंगाच्या डब्याकडं बघितलं नाही.
लेथवर कालचं अर्धं काम तसंच होतं.