चावून दिलेला घास

धंतोलीतल्या लॅबमध्ये पिवळी जेली
सातव्या मिनिटाला गुलाबी झाली
तेव्हा मी चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचलं.
दिगंबर निखारे, चव्वेचाळीस, तांडापेठ.
माझा भाऊ.
त्याच्या जठराचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा.

डॉक्टरांनी सांगितलं, रस्सा बंद.
तो हसला नुसता.
आमच्या खानावळीचा पाटा
बाबांच्याही आधीपासून मसाल्यानं काळा आहे.
आणि मला माहीत होतं, दोष तर्रीचा नाही.

भिंगाखाली ते दिसले :
मळसूत्राच्या आट्यासारखे वळलेले,
आम्लाच्या पावसात
आपल्यापुरती छत्री उघडून बसलेले.
माणूस चालत निघाला तेव्हापासून सोबत आहेत.
त्यांची वंशावळ उलगडली
तर आपलीच वाट दिसते,
कुठून आलो, कुठे थांबलो, कुणाला कडेवर घेतलं.
वाऱ्यावर नाही येत हे.
बहुतेकदा आईच्या तोंडून येतात.

दात यायच्या आधी माय भाकर चावायची,
मऊ करून आमच्या जिभेवर ठेवायची.
एक घास दिगंबरला, एक मला.
"मले का मालूम बापा," ती म्हणाली,
"त्या घासात कोन बसून होतं!
माह्या मायनं मले असंच चारलं."

घास तोच.
त्याच्या पोटात जखम, माझ्या पोटात काहीच नाही.
त्याचं रक्त ओ, माझं बी,
पण एवढ्यानं हिशेब लागत नाही.
पेशींच्या दारावर कोणती कडी,
पहारेकरी किती तापट,
हे जन्माआधीच ठरलेलं असतं थोडंफार,
उरलेलं कुणी ठरवलं, मला विचारू नका.
मी फक्त काचपट्ट्या रंगवते.

चौदा दिवस गोळ्या.
दिगंबरची जीभ काळी पडली,
तोंडात लोखंडाची चव.
मायनंही घेतल्या, रोज विचारून :
"मेले का गा ते?"
जसं कुणी भाडेकरूंबद्दल विचारावं,
जुन्या, भाडं न थकवलेल्या.

त्याआधी मी एक कुपी भरून ठेवली.
बाहेर सेहेचाळीस, कूलरच्या टाकीतलं पाणीसुद्धा कोमट,
आत उणे ऐंशी.
कुपीवर नंबर लिहिला.
आजीचं नाव लिहायला जागा नव्हती,
आणि तिच्या आईचं मला ठाऊकच नाही.

माझी मुलगी बेसाच्या फ्लॅटमध्ये वाढतेय,
गाळलेलं पाणी, उकळलेला चमचा.
तिचं पोट स्वच्छ आहे. मी तपासलंय.
रात्री दोन वाजता तिची छाती वाजते.
काही जण म्हणतात, हे जंतू लहानपणी पोटात असले
तर शरीराचे पहारेकरी जरा शांत राहायला शिकतात.
काही म्हणतात, योगायोग.
मी पंपाला मास्क लावते
आणि तिचे श्वास मोजते.

माझी स्वतःची तपासणी
अजून केलेली नाही.

काल ती ताटावर रुसली. भाकर कडक आहे म्हणे.
मी तुकडा मोडला, तोंडात घातला,
चावला, अगदी मऊ होईपर्यंत.
तिनं चिमणीसारखा आ केला होता.

मी गिळून टाकला.