शेरा

आमच्या रजिस्टरला सात रकाने.
अनुक्रमांक, नाव, वय, गाव,
तक्रार, निदान,
आणि शेवटचा, दोन बोटं रुंद – शेरा.
शेऱ्यात सहसा काही येत नाही.
फार तर ‘अंबाजोगाईस हलविले’,
फार तर ‘नातेवाईक न सांगता घेऊन गेले’.

परळीच्या सरकारी दवाखान्यात
खिडकी नंबर दोन, ती माझी.
गजाला बँडेजची एक चिंधी बांधलीय,
माश्यांसाठी बांधली होती.
चिंधी आत आली की वारा थर्मलचा,
बाहेर गेली की डोंगराचा.
एवढंच हवामानशास्त्र मला येतं.

एका पौषात ध्यानात आलं:
चिंधी सोमवारी आत येते,
माणसं बुधवारी.
मधला मंगळवार ती घरीच काढतात.
सुंठ, अडुळसा,
मेडिकलवाल्याची पिवळी गोळी,
भिंतीला टेकून बसून काढलेली रात्र,
‘आडवं झालं की छातीवर कुणी बसतंय, साहेब.’
मग टमटम. मग खिडकी.

तक्रार?
दम लागतोय.
कव्हापासून?
परवापासून.
सगळेच परवापासून.

शेख मुनीर, वय एकेचाळीस,
राखेचा हायवा चालवतो.
मी बघतोय म्हटल्यावर स्वतःच बोलला,
‘मैं नै उडाता साब, रस्ता उडाता.’
मी कुठं काय म्हणालो होतो.

सोजरबाईचं लेकरू, किसना, वय चार.
गाव?
वीटभट्टी.
गाव विचारतोय, माय.
आता तेच की.

कांचन सिस्टरकडं नेब्युलायझर तीन, चालू दोन,
लहान मास्क एकच.
किसना मास्कातून वाफ ओढतो,
मास्क वर करून विचारतो, ह्यो बी धूर का?
हा चांगला धूर, सिस्टर म्हणते.
तो आईकडं बघतो.
आई फरशीकडं.

तेव्हापासून मी शेऱ्यात
पेन्सिलीनं लिहायला लागलो: वा. आ.
वारा आत.
कधी कधी पानभर,
वा. आ., वा. आ.,
वाचलं तर तेही धापेसारखं लागायचं.

तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट ठेवलं.
हे काय?
सांगितलं.
हसले नाहीत, एवढं बरं.
चहाचा कप बाजूला सरकवून म्हणाले,
आपल्याकडं निदान मागितलंय,
कारण नाही.
खोडून टाका.

तीन वर्षांची पानं खोडली.
जिथं खोडलं तिथं कागद पांढराशुभ्र निघाला,
तेव्हा कळलं
बाकीचं पान किती करडं होतं.

आता काही लिहीत नाही.
सोमवारी चिंधी आत वळली
की पट्टी घेतो,
अनुक्रमांक टाकून
अकरा ओळी आखून ठेवतो.
नावं रिकामी.
कांचन सिस्टर काही विचारत नाही,
मास्क धुते
आणि वाळत घालते ते
खिडकीपासून लांब.

गेल्या बुधवारी दहा आले.
मुनीर आला, या खेपेला
भावाच्या खांद्यावर हात ठेवून.
पायरीवर दोनदा थांबला.
दम खाऊ दे, म्हणाला, जसं काही
खायला तो कुठं शिल्लक होता.

अकरावी ओळ
मी मनात किसनाची धरलेली.
कुणी म्हणालं, भट्टी उठली,
माणसं गंगाखेडकडं गेली.
कुणी म्हणालं, छे, तिथंच हायेत,
कालच विटा उतरवल्या.

माझी ड्युटी पाचला संपते.
साडेसहापर्यंत बसलो.
चिंधी लोंबत होती, आत ना बाहेर.
नाव लिहिलं नाही.
ओळ खोडलीही नाही.
वयाच्या रकान्यात तेवढं
पेन्सिलीनं, हलक्या हातानं
लिहून ठेवलं: पाच.
एव्हाना त्याला पाच पूर्ण व्हायला हवीत.