हरकत नाही

पानाच्या तळाशी माझी सही आहे,
तुळशीदास नायक, हवालदार, सांगे ठाणे.
पहिल्या अक्षराचा उकार थरथरलाय,
तो स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहिल्यामुळे, दुसरं काही नाही.
वकिलाने तेही विचारलं होतं.

मी गेलो होतो, हे खरं.
साळावली धरणामागचा रस्ता तेव्हा कच्चा होता,
आणि कितीतरी अहवाल मी ठाण्यातल्या बाकावर बसूनच लिहिलेत;
हा नाही.
उल्हास देसाय अंगणात झावळ्या विणत होता.
डुकरांनी उकरलेला ऊस, माकडांनी फोडलेले नारळ
त्याने हात धरून दाखवले.
गुन्हा दाखल? नाही.
दारू? काजूच्या हंगामात कोण घेत नाही.
दोन शेजाऱ्यांनी सह्या केल्या,
एकाने आधी पंचाकडे बघून.

मग त्याची बायको शेवंती कोकमाचं सरबत घेऊन आली
आणि मी, नियमात नसताना, विचारलं,
वहिनी, बंदूक आली तर चालेल ना?
ती म्हणाली,
डुकरं घरात येत नाहीत, दादा.

मी हसलो. तोही हसला.
पेला परत घेताना तिने पदर कोपरावरून मनगटापर्यंत ओढला,
एप्रिलच्या त्या उकाड्यात.
मी पाहिलं ते.
फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता.
मी लिहिलं: घरच्यांची हरकत नाही.

मडगावच्या दुकानात बोस्त्यांवबाबने चष्मा पुसून परवाना वाचला,
दोनदा, असं तो शपथेवर सांगतो, आणि मला ते पटतं.
दोन नळ्यांची बारा बोअर, पंचवीस काडतुसं, रोख.
त्याला शिक्का दिसला. शिक्क्यामागे कलेक्टर,
कलेक्टरामागे आमचे साहेब,
साहेबांमागे स्कूटरच्या सीटवर वाकलेला मी.
माझ्यामागे कोण, हे मी बरेच दिवस शोधलं.
तिथे फक्त एक रिकामा पेला होता.

निवडणुकीत ती बंदूक आमच्याकडे जमा होती.
मीच घोड्याला सुतळीने चिठ्ठी बांधली,
बाकीच्या एकोणतीस बंदुकांशेजारी भिंतीला टेकवून ठेवली.
बावन्न दिवस.
मतदानाला धोका नको म्हणून आम्ही दारोदार फिरून
त्या गोळा करतो, पावती देतो.
आचारसंहिता उठली, उल्हास पावती घेऊन आला.
मी म्हटलं, तेल घाल रे तिला, गंजेल.
हे मी कोर्टात सांगितलं नाही.
कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबरात गावात व्हॉलिबॉलची स्पर्धा होती.
पहिला बार घरातून आला.
मैदानावरचे म्हणाले, पडलं डुक्कर,
आणि मांडीचा वाटा कुणाला यावर पैज लागली.
सर्व्हिससुद्धा थांबली नाही.
मग तो ट्यूबलाइटच्या उजेडात चालत आला.

चार पोरं.
त्यातल्या एकाच्या बापाची सही माझ्या सहीच्या वर आहे,
पंचाकडे बघून केलेली.
तो मला बाजारात भेटतो. मासे किती महाग झाले ते बोलतो.
मी त्याच्या पिशवीकडे बघत राहतो.

आता निवृत्त आहे. ठाण्यासमोरच्या चहावाल्याकडे बसतो.
परवा एक नवा शिपाई फॉर्म घेऊन आला,
धरणामागचाच एक वाडा, पुन्हा डुकरंच,
काका, घर कुठे येतं हे?
मी रस्ता सांगितला. म्हटलं,
मागच्या दाराने जा.
पाणी माग.
आणि पेला लगेच परत देऊ नको,
धरून उभा राहा,
ती काही बोलेपर्यंत.

तो हो म्हणाला, हेल्मेट घातलं.
जाऊन यायला दीड तास लागतो.
पाऊण तासात परत आला.