घोटभर

बंदूक एउतिमियोकडे होती.
माझ्याकडे पाणी.
बारा वर्षांच्या पोराला आणखी काय देणार?
पाच लिटरचा कॅन, खांद्यात रुतणारा पट्टा,
आणि ताकीद : हे कुत्रीचं. तुझं वेगळं.
माझी बाटली अर्ध्या लिटरची होती.

ऑगस्टचा मध्य. पालेन्सियाचं पठार
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं.
गहू कधीच गेलेला, उरलेली धसकटं
पोटरीला ओरबाडायची, आणि ब्रिस्काच्या पोटाला तर
माझ्याआधी, माझ्याहून जास्त.
तिला त्याचं काही नव्हतं.
तिला लावऱ्या हव्या होत्या.

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं
काडाच्या गठ्ठ्यांखाली बाटल्या पुरून आलो होतो, सात.
तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतला तो नव्हता.
गावातले हसायचे :
एउतिमियो पाणी पेरतो.

"वास ओला असतो," तो म्हणायचा,
"नाक सुकलं की कुत्रा आंधळा."
वाडगं भरून द्यायचं नाही कधी.
घोटभर. मग शंभर पावलं. मग परत घोटभर.
पोटात पाणी डचमळत असताना धावली
तर आतडं पीळ घेतं.
जिभेला चिकटलेली पिसं बोटानं काढायची,
काखेत, जांघेत ओला हात फिरवायचा,
मग ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबायची :
पांढरी होते, आणि गुलाबी परत यायला
किती वेळ लागतो ते मोजायचं.
मी मोठ्यानं मोजायचो. तो मनात.
आमचे आकडे कधी जुळले नाहीत.

अकराला कॅन संपला.
पुरलेल्या बाटल्या एकेक करून निघत गेल्या,
कोमट, प्लास्टिकच्या वासाच्या.
सातवीच्या जागी गठ्ठाच नव्हता.
रात्रीत कुणी ट्रॅक्टर घालून नेलेला,
मातीत चाकाची नक्षी,
आणि नक्षीत चपटी झालेली आमची बाटली.
ओढ्याकडे गेलो. ओढ्यात दगड होते.

ब्रिस्काची जीभ आता बाजूनं लोंबत होती,
लांब, टोकाला चमच्यासारखी पसरट.
एउतिमियोनं माझ्याकडे पाहिलं.
मागितलं नाही.
मी त्याचीच टोपी उलटी केली
आणि माझं पाणी तिच्यात ओतलं.

ती प्यायली नाही.
टोपीपासून दोन हातांवर थिजून उभी,
एक पाय उचललेला, शेपूट काठीसारखी.
समोर धसकटात, कुठेतरी, लावरी.
कुशी भात्यासारख्या चालत होत्या, बाकी सगळं दगड.
मी टोपी नाकाशी नेली.
तिनं टोपीतून आरपार पाहिलं.
पाणी कापडातून ठिबकायला लागलेलं.

तेव्हा त्यानं बंदूक मोडली,
दोन्ही काडतुसं खिशात टाकली,
आणि लंगडत पुढे जाऊन
बुटानं धसकट झाडलं.

फर्रर्र.

लावरी गेली, बुटकी, घाईत, पठाराच्या कडेपर्यंत,
आणि तिच्यामागे कुणीच बार काढला नाही.
ब्रिस्कानं वळून त्याच्याकडे पाहिलं.
असं पाहणं मला नंतर फार थोड्यांकडून मिळालं :
रागही नाही, विश्वासही नाही.
मग तिनं टोपीत तोंड घातलं.

परतताना तिला त्यानं खांद्यावर घेतली,
मानेभोवती, मेंढीसारखी. बंदूक माझ्याकडे.
कबरस्तानाच्या भिंतीपाशी म्हणाला,
हिच्याआधी एक होती. कोपा.
कोपा म्हणजे पेला.
मला हसू येणार होतं, त्याचा चेहरा बघून गिळलं.
"पारवे होते त्या दिवशी," इतकंच बोलला,
"भरपूर."

मी शिकारी झालो नाही.
वायादोलिदला एका बँकेत बसतो, काचेमागे.
पण उन्हातून कुणी धापा टाकत आत आलं
की कागद घेण्याआधी
माझी नजर हिरड्यांवर जाते,
आणि मी मोजायला लागतो.
मनात.