वेगळी पंगत

हिरवा ओव्हरड्राइव्ह अठराशेचा,
तोही सेकंडहँड, एका नॉबची टोपी गेलेली.
तिथे मी टूथपेस्टचं झाकण बसवलंय.
नदीचं मूळ, ऋषीचं कूळ
आणि दोन हजारांखालच्या पेडलचं सर्किट
विचारू नये.

फझ मात्र विकतचा नाही.
म्हणजे मिळत होता, बारा हजारांना,
आणि माझा पगार मुरैन्याच्या सहकारी बँकेतून येतो,
येतो तेव्हा.

नई सडकेवर रामसनेही राठौर रेडिओ दुरुस्त करतात.
करायचे. आता रेडिओच येत नाहीत,
ते नुसतं दुकान उघडतात.
लोणच्याच्या बरणीत त्यांच्याकडे जर्मेनियम,
तीन पायांचे, पत्र्याचं टोपडं घातलेले ट्रान्झिस्टर.
एकेक मीटरवर धरला.
ये मुर्दा. ये भी.
हा फार गळतो. हा गळतच नाही,
तोही बाजूला.
तो का टाकलात?
"भैया, जो बिलकुल नहीं रिसता, वो गाता भी नहीं."
अकरातून दोन निघाले. ऐंशी रुपये.
डबा गजकचा,
झाकणावर अजून तीळ छापलेले.

हेरंब शितोळे बास वाजवतो आणि मतं देतो.
म्हणाला, हिरवा आधी, फझ मागून.
लावलं. गिचका.
तीन दिवसांचं पिठलं.
मग फझ आधी, हिरवा मागून,
हिरव्याचा गेन जवळजवळ शून्यावर, व्हॉल्यूम चढा.
फझला गिटारचा हात थेट हातात लागतो,
मध्ये मध्यस्थ बसवला की रुसतो.
आता तार न् तार वेगळी ऐकू आली,
जसं भांडणाऱ्या घरात कोणीतरी शेवटी
एक वाक्य पूर्ण बोलावं.

एक राहिलंच. ह्याचा प्लस जमिनीला.
सगळ्यांच्या अडॅप्टरवर जोडला तर शॉर्ट.
(जोडला होता. वास दोन दिवस गेला नाही.)
तर हा सोवळ्यातला.
बाकीचे एका वायरवर पंगतीने बसतात,
ह्याला कोपऱ्यात वेगळं पान:
नऊ व्होल्टची बॅटरी, साधी, जस्ताची,
जरा उतरलेली असली तर जास्तच खूश.

मग मे आला.
ग्वाल्हेरला शेचाळीस म्हणजे काही बातमी नाही,
पण जर्मेनियमला कोणी सांगितलं नव्हतं.
स्वर लागायचा आणि मधेच गिळला जायचा,
फुटाण्यासारखं फट् फट्, मग काही नाही.
ह्या शहरात रागाला प्रहर असतो, ऐकून होतो.
माझ्या डब्याला ऋतू निघाला.

पॉलिटेक्निकच्या हॉलमध्ये कार्यक्रम, दुपारी चार.
फझ थर्माकोलच्या खोक्यातून नेला,
खाली बर्फ, मध्ये प्लास्टिक, वर टॉवेल,
लस नेतात तसा.
साडेचार मिनिटं गायला.
मग सोलोच्या ऐन मध्यात घसा बसला त्याचा.
मी पायाने चाचपडत बंद केला
आणि उरलेलं सगळं एकट्या हिरव्यावर,
अठराशेच्या, झाकणवाल्या.
त्याने कुरकुर केली नाही.
नकलेला सवय असते
दुसऱ्याच्या जागी उभं राहायची.

आता पौष. गच्चीवर तीन अंश.
बोटं सुन्न, तारेवर आहेत की नाहीत
ते डोळ्यांनी बघावं लागतंय.
दोन्ही दिवे लाल.
गिटारचा व्हॉल्यूम सातवर: दाणेदार,
काकवी खाली बसावी तसा.
नऊवर.
दहावर फालका बाजारातली कुत्री उठली
आणि समोरच्या खिडकीतून टेंबेकाकू,
शालीतून तोंड तेवढं काढून:
"अरे, एवढ्या रात्री गिरणी कोणी चालू केली?"

मीच, काकू.
थोडंच राहिलंय दळायचं.