उन्हाळी

मे महिन्यात हे नेहमीचंच.
मेडिकल चौकात डांबर चपलेला चिकटतं
आणि काउंटरवर कोपर टेकवून माणसं हळूच सांगतात,
उन्हाळी लागली ना भाऊ, काही देऊन द्या.
मीही सांगतो, सब्जा भिजवा,
धने रात्री पाण्यात टाकून ठेवा.
वर एक पुडी. निघाले.

होमराज पराते आला तेव्हा डिसेंबर होता.
मफलर नाकापर्यंत,
बिछायतीच्या टेम्पोचं इंजिन चालूच.
रायपूरचं लग्न आटोपून आठवडाही झाला नव्हता.
उन्हाळी, म्हणाला.
मागे कोपऱ्यावर रिक्षावाले टायर जाळून शेकून राहिले होते.
त्यानं काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही.
दुकानदारीत याला सभ्यपणा म्हणतात.

कात्रीनं स्ट्रिप कापली, दहातल्या पाच.
औषधाचं नाव माझ्याकडच्या तुकड्यावर राहिलं,
मुदतीची तारीख त्याच्या खिशात गेली.

तीन गोळ्यांत बरं वाटलं म्हणे.
दोन उरल्या त्या कांचनला दिल्या,
तुझं अंग दुखते ना, घे.

फेब्रुवारीत चिठ्ठी घेऊन आला, खरी, ओपीडीची.
सोबत लॅबचा कागद,
सहा औषधं, चारांपुढे आर.
माझं औषध पहिल्याच ओळीत.
आर म्हणजे?
म्हटलं, जंतू आता याला भीत नाही.
"कोणं शिकवलं त्याले?"
मी कात्री खणात सरकवली.

एक इंजेक्शन तिकडेच दिलेलं.
आता डॉक्सी, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ,
भरल्या पोटी, ग्लासभर पाण्यासोबत,
घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.
आणि खाली, दोन रेघा मारून, एक शब्द
जो त्यानं अंगठ्याखाली धरला होता.
मी चिठ्ठी ओढली. दोघांनीही.

"चौदाच द्या."
मी अठ्ठावीस मोजल्या, मोठ्यानं,
एकेक आकडा, शाळेतल्यासारखा.
"तिले काय सांगू? उन्हाळी म्हणू?"

टेम्पोचं दार वाजलं.
ती उतरून आली, पदर खोचत,
मंडपाचा चुना अजून हाताला.
माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही.

"माह्या येगळ्या पिशवीत द्या.
अन् बिलावर माहं नाव टाका."